इन्सुलिन सामानात नको, सोबत हवे

मे महिन्यातली दुपार. चाळीसगाव स्टेशनच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत एक कुटुंब उभे आहे. सुनेचे बाळंतपण अमेरिकेत, म्हणून सासूबाई पहिल्यांदाच विमानाने निघाल्या आहेत. शेजारी दोन मोठ्या बॅगा. त्यांत साड्या, बाळंतविडा, पापड, डिंकाचे लाडू. आणि सगळ्यांत खाली, धक्का लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या आणि सिरिंजची पाकिटे. ‘विमानतळावर सुया पाहिल्या की अडवतात’ असे शेजारच्या कुणीतरी सांगितलेले असते. त्यामुळे सुया नजरेआड मोठ्या बॅगेत गेल्या आणि त्यांच्यासोबत इन्सुलिनही गेले.

खान्देशात हे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. मुले पुण्या-मुंबईला शिकतात, तिथून दुबई, लंडन, न्यू जर्सी गाठतात आणि मग आईवडिलांच्या वाऱ्या सुरू होतात. कुणी हज-उमराहला जाते, कुणी चारधामला. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये समोर आला. म्हणजे कोणत्याही भरलेल्या विमानात मधुमेहाचे काही प्रवासी असणारच, आणि त्यांतले काही इन्सुलिनवर असणार. इन्सुलिन घेणाऱ्याने विमानप्रवास करू नये, असे वैद्यकशास्त्र कुठेही सांगत नाही. नियम मात्र एक आहे आणि तो मोडला तर बाकीची सगळी तयारी वाया जाते: इन्सुलिन आणि ते टोचण्याची साधने प्रवाशाच्या हातातल्या बॅगेतच हवीत.

मोठ्या बॅगेत का ठेवायचे नाही?

वरच्या सासूबाईंचा हिशेब मांडून पाहू. चाळीसगाव ते मुंबई रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे पाच ते सहा तास. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे. मुंबई ते न्यूयॉर्क परिसर थेट विमानाने सुमारे पंधरा-सोळा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि बॅगांची वाट. विमान बदलायचे असेल तर आणखी काही तास. घरातून निघाल्यापासून मुलाच्या घरी पोहोचेपर्यंत एका दिवसाहून अधिक वेळ जातो. मोठी बॅग विमानतळावर जमा केली की या वेळेतल्या मोठ्या भागात औषध त्यांच्या हाताशी नसते. बॅग दुसऱ्याच शहरात गेली तर दोन-तीन दिवस नसते.

टाइप १ मधुमेहात शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा रुग्णाचे इन्सुलिन बंद पडले तर काही तासांतच रक्तात आम्ल साठू लागते. उलट्या, पोटदुखी, धाप आणि मग बेशुद्धी, असा हा ‘किटोअॅसिडोसिस’चा प्रवास वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवघेणा ठरतो. टाइप २ च्या रुग्णांत हा धोका कमी असला, तरी वय, पाणी कमी पिणे आणि एखादा जंतुसंसर्ग एकत्र आले तर साखर झपाट्याने वाढते.

दुसरे कारण तापमानाचे. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात काही ठिकाणी कडाक्याची थंडी असू शकते, तर उड्डाणापूर्वी तीच बॅग धावपट्टीजवळ उन्हात पडून राहू शकते. इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. ते गोठले तर त्याची रचना मोडते. पुन्हा वितळले, दिसायला पूर्वीसारखे झाले, तरी त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

जळगावहून किंवा इतर लहान विमानतळांवरून एटीआर जातीच्या छोट्या विमानाने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे जरा मोठी हँडबॅग विमानाच्या दाराशीच काढून घेऊन खालच्या सामानात ठेवली जाऊ शकते. म्हणून इन्सुलिनची पिशवी स्वतंत्र, लहान आणि खांद्याला अडकवता येईल अशी असावी. बॅग गेली तरी ती पिशवी अंगावर राहते.

खान्देशचे ऊन आणि माठाची युक्ती

विमानातली हवा इन्सुलिनला मानवते. खरी परीक्षा विमानतळावर पोहोचण्याआधीच होते. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतले तापमान पन्नाशी सहज ओलांडते. छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाकडे निघालेली गाडी कन्नड घाटातल्या कोंडीत अडकली, किंवा वाटेत जेवायला थांबताना पिशवी गाडीतच राहिली, तर तेवढ्या वेळातही नुकसान होते. मोटारीचा डॅशबोर्ड आणि डिकी या इन्सुलिनसाठी सर्वांत वाईट जागा.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे २५ ते ३० अंशांखाली चालते. नेमकी मुदत आणि तापमान खोक्यातल्या माहितीपत्रकावर असते, ते वाचून घ्यावे. म्हणजे प्रवासाच्या एक-दोन दिवसांत बर्फाची गरज नसते, उन्हापासून बचाव झाला की पुरे. रुंद तोंडाचा, गार पाण्याने आधी धुऊन कोरडा केलेला थर्मास चांगले काम देतो. गार जेलच्या पिशव्या वापरायच्या असतील तर त्या कापडात गुंडाळाव्यात. इन्सुलिन बर्फाला किंवा जेलला चिकटून ठेवू नये, नाहीतर उन्हापासून वाचवलेले औषध थंडीने जाते.

बाजारात पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्याही मिळतात. त्यांचे तत्त्व आपल्या माठाचेच आहे: पाण्याची वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जाते. खान्देशच्या कोरड्या हवेत ही पिशवी झकास चालते. मुंबईच्या दमट हवेत तिचा गारवा कमी पडतो, जसा तिथे डेझर्ट कूलर निरुपयोगी ठरतो. वाफ बाहेर जायला हवी, म्हणून ही पिशवी प्लास्टिकमध्ये बांधू नये.

उन्हाचा बाऊही नको. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतले तापमान नोंदवून एक अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत वर-खाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद फ्रिजमधल्या इन्सुलिनइतकीच राहिली. तेव्हा गाडीचा एसी तासभर बंद पडला म्हणून महागडी बाटली फेकून देण्याचे कारण नाही. गोठणे, थेट ऊन आणि बंद मोटार यांपासून मात्र जपायचे. पारदर्शक इन्सुलिन गढूळ झाले, दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेच्या आत पांढरा थर दिसला, तर ते वापरू नये. उष्णतेने कमजोर झालेले इन्सुलिन मात्र दिसायला ठीकही असू शकते. नेहमीचा डोस आणि नेहमीचे जेवण असूनही साखर चढत राहिली, तर नवी बाटली उघडावी.

सुरक्षा तपासणीत काय होते?

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघड झाला. त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतले द्रव नेण्यावर जगभर बंधने आली. प्रवासात लागणाऱ्या औषधांना त्यातून सूट आहे आणि इन्सुलिनची १० मिलिलिटरची बाटली तर त्या मर्यादेच्या कितीतरी आत बसते. सुया आणि सिरिंजही औषधासोबत असतील, तर नेता येतात. नुसत्या सुया सापडल्या तर प्रश्न येतात, म्हणून दोन्ही एकाच पिशवीत असावे.

तपासणीच्या रांगेत पिशवी ट्रेमध्ये ठेवतानाच आपण होऊन सांगावे. भारतातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. ‘मला मधुमेह आहे, यात इन्सुलिन आणि सुया आहेत’ एवढे सांगितले की काम होते. परदेशात ‘आय हॅव डायबेटिस, धिस इज माय इन्सुलिन’ हे वाक्य पाठ असू द्यावे. एक्स-रे यंत्रातून एक-दोनदा गेल्याने इन्सुलिन बिघडत नाही. शरीराला लावलेला इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर असेल, तर त्याच्या कंपनीची सूचना आधी वाचावी. काही उपकरणे एक्स-रे किंवा संपूर्ण शरीराच्या स्कॅनरमधून नेऊ नयेत, असे कंपन्या सांगतात. अशा वेळी हाताने तपासणी करण्याची विनंती करता येते.

इतके करूनही कधी मनस्ताप होतो. मधुमेह असूनही जागतिक क्रिकेट गाजवलेला वासिम अक्रम जुलै २०१९ मध्ये मँचेस्टर विमानतळावर होता. इन्सुलिन त्याच्या थंड पेटीतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकायला सर्वांसमोर, उद्धटपणे सांगितले गेले, अशी तक्रार त्याने ट्विटरवर जाहीरपणे केली. एवढ्या नामांकित माणसाला हे ऐकावे लागले, तर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईंना भीती वाटणे साहजिक आहे. ही भीती घालवायला कागद उपयोगी पडतो.

तो कागद म्हणजे डॉक्टरांचे पत्र. सरकारी दवाखान्याचा घडी पडलेला केसपेपर त्यासाठी पुरत नाही. पत्र इंग्रजीत, टाइप केलेले, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह असावे. त्यात आजाराचे नाव, औषधांची मूळ नावे, डोस आणि ‘इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर जवळ बाळगणे आवश्यक आहे’ हे वाक्य असावे. ब्रँडचे नाव देशागणिक बदलते, मूळ नाव सगळीकडे कळते. पत्रावरचे रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे. केसपेपरवर घरातले नाव आणि पासपोर्टवर वेगळेच, असे आपल्याकडे फार होते. सरकारी रुग्णालयातही असे पत्र मागता येते, त्यासाठी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जावे. आखाती देशांत जाणाऱ्यांनी इतर गोळ्यांचीही चौकशी करावी. तीव्र वेदनाशामके आणि झोपेच्या काही गोळ्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत.

४० आणि १०० चा घोटाळा

परदेशात जाणाऱ्या भारतीय रुग्णाला सर्वांत मोठा धोका एका आकड्यात दडलेला आहे. आपल्याकडच्या बाटल्यांतले इन्सुलिन बहुतांशी एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनमधले इन्सुलिन मात्र १०० युनिटचे असते. अमेरिका, युरोपात नेहमीच्या वापरात १०० युनिटचेच इन्सुलिन आणि त्याची नारिंगी टोपणाची सिरिंज मिळते.

आता समजा, आणलेली बाटली संपली आणि मुलाने तिथली १०० युनिटची बाटली आणून दिली. आईकडे गावाकडच्या लाल टोपणाच्या सिरिंज उरलेल्या आहेत. तिने नेहमीप्रमाणे २० च्या खुणेपर्यंत औषध भरले. त्या सिरिंजमध्ये २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. पण नव्या बाटलीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट असतात. वीसच्या जागी पन्नास! साखर धोकादायक खाली जायला एवढे पुरेसे आहे. उलट झाले, म्हणजे ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर वीसऐवजी आठच युनिट जातात आणि साखर वाढत राहते. म्हणून बाटली आणि सिरिंज यांच्यावरचा आकडा एकच असावा. लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पेनवर जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

आकड्यांचा असाच घोळ ग्लुकोमीटरचाही होतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या मापात सांगतात. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो. तिथले साडेपाच म्हणजे आपले साधारण शंभर.

घड्याळ बदलते, डोस कधी घ्यायचा?

पुणे, गोवा, हैदराबादला वेळ बदलत नाही. दुबई आपल्या दीड तास, सौदी अरेबिया अडीच तास मागे आहे. तेवढ्याने सहसा वेळापत्रक बिघडत नाही. अमेरिकेचे तसे नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. रात्री दहाला दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने निघताना घरी डोस घेतला आणि पुढचा डोस न्यूयॉर्कच्या रात्री दहाला घेतला, तर मधे साडेतेहतीस तास जातात. परतताना उलटे होते. विमानात न्यूयॉर्कच्या वेळेने घेतलेला डोस आणि गावी आल्यावर रात्री दहाचा डोस यांत साडेचौदा तासच उरतात. पहिल्या प्रकारात साखर वाढते, दुसऱ्या प्रकारात दोन डोस एकमेकांवर चढून ती उतरू शकते.

यावर सर्वांना लागू पडेल असा एकच तोडगा नाही. जाताना मधे छोटा डोस द्यायचा की काही दिवसांत वेळ हळूहळू सरकवायची, येताना डोस किती कमी करायचा, हे इन्सुलिनच्या प्रकारावर ठरते. दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा असतो. तिकीट डॉक्टरांना दाखवून, कोणत्या वेळी किती युनिट, हे कागदावर लिहून घ्यावे. प्रवासभर एक घड्याळ भारतीय वेळेवर ठेवावे आणि दर चार ते सहा तासांनी साखर तपासावी. प्रवासाच्या दिवशी साखर थोडी जास्त राहिलेली चालते, खाली जाता कामा नये. मात्र टाइप १ च्या रुग्णाने ‘आजचा दिवस इन्सुलिन नको’ असे कधीही करू नये.

विमानात बसल्यावर

जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे. घरी अर्धा तास आधी टोचायची सवय असते. पण विमान हलू लागले की जेवण वाटणे थांबते आणि टोचलेले इन्सुलिन थांबत नाही. अनेक विमान कंपन्या आधी कळवल्यास मधुमेहींचे जेवण देतात. त्यात पोळी-भात कधी फारच कमी असतो, हे ध्यानात ठेवून डोस ठरवावा.

उंचावर विमानातल्या हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. त्यामुळे पेनला सुई लावून ठेवली तर आत हवेचे बुडबुडे होतात. सुई टोचण्यापूर्वीच लावावी आणि दोन युनिट हवेत सोडून पेन तपासावे. बाटली वापरणाऱ्यांनी एरवीपेक्षा निम्मीच हवा आत भरावी. वापरलेली सुई समोरच्या खिशात न टाकता जाड प्लास्टिकच्या डबीत बंद करावी, सफाई कामगाराच्या हाताला ती लागू शकते. इन्सुलिन कर्मचाऱ्यांच्या बर्फात ठेवायला देऊ नये. ते गोठेल किंवा उतरताना विसरेल.

घाम, थरथर, धडधड, गरगरणे, अचानक चिडचिड ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. प्रवासाचा शीण समजून ती अंगावर काढली जातात. साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासता येत नसेल पण लक्षणे असतील, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. डिंकाचा लाडू इथे उपयोगाचा नाही; त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आधी ग्लुकोज, मग सावकाश बिस्किटे किंवा दशमी. आपल्याला मधुमेह आहे हे शेजारच्या प्रवाशाला किंवा हवाईसुंदरीला सांगून ठेवण्यात लाज कसली? पाणी पीत राहावे, तासा-दोन तासांनी चार पावले चालावे.

बॅग भरण्यापूर्वी

लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या घ्याव्यात आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या हातातल्या बॅगांत विभागून ठेवाव्यात, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी उरते. औषधे मूळ खोक्यात, दुकानाच्या बिलासह असावीत. ग्लुकोमीटर, जादा बॅटरी आणि पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा नेण्याचा संकेत आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी पुढच्या तीन महिन्यांचे काय, हे मुलांशी आधीच बोलून ठेवावे, कारण तिथले औषध आणि डॉक्टर दोन्ही महाग. प्रवास विमा घेताना मधुमेह लपवू नये, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून पाहावे.

चाळीसगावच्या फलाटावर गाडी यायला अजून वेळ आहे. बॅगेची दोरी सोडून टॉवेलातल्या बाटल्या आणि सुया बाहेर काढायला पाच मिनिटे लागतात. त्या आईच्या खांद्यावरच्या पर्समध्ये गेल्या, शेजारी डॉक्टरांचे पत्र आणि ग्लुकोजची पुडी गेली, की मग मोठी बॅग वाटेत हरवली तरी पापड आणि साड्याच हरवतील.